श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ

श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ हे भारतातील पहिले महिला विद्यापीठ होय. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १९१६ साली ते पुण्यात स्थापन केले. मुख्यालय १९३६ मध्ये मुंबईस आले.

== स्थापना ==
१८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढणाऱ्या कर्व्यांच्या वाचनात जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी अशा विद्यापीठाची कल्पना मांडली. रा. गो. भांडारकर पहिले कुलपती, तर र. पु. परांजपे कुलगुरू झाले. पहिल्या महाविद्यालयात अवघ्या ५ विद्यार्थिनी होत्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली व संस्थेला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले.

== धोरण ==
मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम ठरविण्यात आले; इंग्रजी विषय म्हणून कायम राहिली. संसारामुळे महाविद्यालयात जाऊ न शकणाऱ्या स्त्रियांना घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा होती. विद्यार्थिनीच्या परिस्थितीला अनुसरून विद्यापीठाचे नियम घडवावेत, असा या व्यवस्थेमागील विचार होता.

== मान्यतेचा प्रश्न ==
स्थापनेनंतर साडेतीन दशके विद्यापीठाला वैधानिक मान्यता नव्हती. त्यामुळे अभ्यासक्रमाचे स्वातंत्र्य टिकले. परंतु पदवीचे व्यावहारिक मूल्य मर्यादित राहिले आणि त्याची झळ विद्यार्थिनींना बसली. खर्चाची भिस्त लोकवर्गणीवर असल्याने कर्व्यांनी सत्तरी ओलांडल्यावरही निधीसाठी परदेश दौरे केले. स्वातंत्र्योत्तर कायद्यानुसार १९५१ मध्ये वैधानिक दर्जा मिळाला व लेडी प्रेमलीला ठाकरसी कुलगुरू झाल्या.

== टीका ==
स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम असावा की नाही, हा वाद जुना आहे. गोपाळ गणेश आगरकर यांनी स्त्री-पुरुषांना एकच आणि एकत्र शिक्षण द्यावे, असे मत पूर्वीच मांडले होते. गृहजीवनाशी निगडित विषयांमुळे स्त्रीची पारंपरिक भूमिकाच दृढ होते, असा आक्षेप घेतला जातो. उलटपक्षी, एरवी शिक्षणापासून वंचित राहिलेल्या स्त्रियांना या व्यवस्थेने पदवीपर्यंत पोहोचविले, असे समर्थन केले जाते.

== वारसा ==
कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. चर्चगेटहून गिरगावच्या पश्चिम कडेने चर्नी रोडकडे जाणाऱ्या पूर्वीच्या क्वीन्स रोडला महर्षी कर्वे मार्ग हे नाव आहे. विद्यापीठाचे मुख्य संकुल चर्चगेट येथे असून जुहू व पुणे येथेही संकुले आहेत.