गिरमिट संपवणारी हजेरी

शताब्दीच्या निमित्ताने आपण पूर्वजांची जहाजे, ऊसमळे आणि त्यांचे कष्ट आठवतो. त्याबरोबर एका सभागृहाचीही आठवण ठेवावी, असे आम्हा अमिरातीतील वंशजांना वाटते.

गोपाळ कृष्ण गोखले पुणे नगरपालिकेत सभासद होते. पुढे अध्यक्षही झाले. कागद वाचायचे, आकडे तपासायचे आणि सभेत उभे राहून विचारायचे, ही त्यांची रीत. तीच रीत घेऊन ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बसले. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी नाताळसाठीची गिरमिट भरती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली.

४ मार्च १९१२ रोजी त्यांनी संपूर्ण गिरमिट पद्धतच बंद करण्याचा ठराव आणला. मजुराला कराराच्या अटी समजत नाहीत, काम चुकले तर त्याला फौजदारी शिक्षा होते आणि १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया पाठवण्याच्या नियमाने संसार मोडतात, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. बाजूने २२ मते पडली, विरुद्ध ३३. ठराव फेटाळला गेला.

गोखले १९१५ साली वारले. पण विषय सभागृहाच्या दप्तरात राहिला. मार्च १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी तोच ठराव पुन्हा मांडला आणि या वेळी सरकारने तो स्वीकारला. १९१७ साली भरती थांबली. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. गोखल्यांना मत देणे आपल्या पूर्वजांच्या हाती नव्हते. तरीही त्यांची बाजू मांडायला कोणीतरी हजर होते.

आज अमिरातीच्या ४० सदस्यांच्या संघीय राष्ट्रीय परिषदेत परदेशी कामगाराला ना जागा आहे, ना मत. कायद्याने काही संरक्षण मात्र दिले आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करवून घेण्यास बंदी आहे. २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची व्यवस्था सुरू झाली. दहावी न झालेल्या भारतीय मजुराला इथे येण्यापूर्वी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची परवानगी लागते. हे पद गिरमिटाच्या काळापासून चालत आले आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कागदांवर त्याच पदाचा शिक्का असे.

नियम असला तरी तो नवख्या मजुराला त्याच्या भाषेत सांगायला माणूस लागतो. म्हणून आपल्या मंडळाच्या समितीत नाव असणाऱ्यांनी सभेला यावे, कागद वाचून यावे आणि जो मजूर त्या खोलीत नाही त्याचा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. एकदा फेटाळला गेला, तर पुढच्या सभेत पुन्हा मांडावा.