खाशाबांच्या तिकिटाचे पैसे कोणी दिले?

हेलसिंकी, २३ जुलै १९५२. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी बँटमवेट गटात कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. हे आपण सारेच जाणतो. या धाग्यात पदकाविषयी थोडे आणि पैशांविषयी अधिक.

प्रथम थोडे मागे जाऊ. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा संघ गेला, तो मुख्यतः डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, तर कुस्तीगीर रणधीर शिंदे यांचे पदक अगदी थोडक्यात हुकले. उद्योगपतीची थैली हा झाला एक मार्ग.

दुसरा मार्ग दरबाराचा. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी खासबाग मैदान उभारले. कुस्तीला केवळ टाळी पुरत नाही; दूध, तूप, बदाम, तालमीची माती आणि वस्तादाचा निर्वाह हा रोजचा खर्च असतो. तो दरबाराने उचलला, म्हणून कोल्हापूर ही मल्लांची पंढरी झाली. १९४८ मध्ये खाशाबा लंडनला गेले, तेव्हाही खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी वाहिला. खाशाबा सहावे आले. मॅटवरच्या कुस्तीचा फारसा सराव नसलेल्या मल्लासाठी ही कामगिरी मोठीच होती.

यानंतरची तारीख कुस्तीच्या इतिहासात सहसा कोणी लिहीत नाही, पण माझ्या मते तीच निर्णायक आहे : १ मार्च १९४९. त्या दिवशी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते इष्टच होते. परंतु त्याबरोबर मल्लांचा आश्रयदाताही गेला, आणि त्याच्या जागी उभी राहील अशी सरकारी व्यवस्था अद्याप जन्मली नव्हती. १९५२ ची तयारी नेमकी या पोकळीत सापडली.

सरकारदरबारी केलेल्या खटपटीतून पुरेसे काही हाती आले नाही. मग गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. येथे जरा थांबू या. हे अनुदान नव्हते, कर्ज होते. आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी एका शिक्षकाने स्वतःचे छप्पर पणाला लावले होते. पदक घेऊन परतलेल्या खाशाबांचे बैलगाड्यांच्या मिरवणुकीने स्वागत झाले हे पाठ्यपुस्तकांत येते. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांचे फड लढवून त्या मिळकतीतून गुरूंचे पैसे फेडले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

अखिल भारतीय क्रीडा परिषद स्थापन झाली १९५४ मध्ये. भारतीय क्रीडा प्राधिकरण आले १९८४ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खाशाबांचे अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कारही त्यांना मरणोत्तरच लाभला.

आता आमच्या कामठ्याकडे. कामठा हे जुन्या जमीनदारीचे मुख्य गाव, आणि भंडारा जिल्ह्याचा हा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. तेथील कायद्याने १९५१ मध्ये मालगुजारी आणि जमीनदारी संपुष्टात आली. म्हणजे कोल्हापुरात जे १९४९ मध्ये घडले, तेच दोन वर्षांनी झाडीपट्टीत घडले : गावातील मोठा वाडा खर्चाच्या हिशेबातून बाहेर पडला. मंडई, दंडार आणि शंकरपट टिकले ते प्रामुख्याने लोकवर्गणीवर. क्रीडांगण मात्र वर्गणीतून सहज होत नाही, कारण त्याला जमीन लागते.

आज व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास या राज्याच्या अनुदान योजना आहेत, आणि त्यांचा अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो. संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण, ग्रामपंचायतीचा ठराव हे कागद धावपळ करून जमवता येतात. घोडे अडते ते जागेच्या मालकीवर. ज्या पडीत जागेवर तीन पिढ्या कबड्डी खेळल्या, ती कागदोपत्री सरकारी पड, गायरान किंवा एखाद्याची खाजगी मालमत्ता निघू शकते. म्हणून अर्ज लिहायला बसण्यापूर्वी आपल्या मैदानाचा गट क्रमांक शोधा आणि महाभूलेखवर त्याचा सातबारा पाहा. नाव ग्रामपंचायतीचे नसेल, तर पहिली लढत तहसील कार्यालयात आहे आणि तिला मैदान आखण्याहून अधिक वेळ लागतो.