वृक्षतळीची शाळा

आमच्याकडील कोणत्याही मुलास कागद व रंग देऊन निसर्गाचे चित्र काढावयास सांगावे. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी व कडेला नारळाचे झाड, एवढे चटकन कागदावर उतरते. ज्याच्या गावी डोंगर नाही आणि नारळही नाही, तो मुलगाही हेच चित्र काढतो. कारण ते त्याने पाहिलेले नसून पाठ केलेले असते. निसर्ग पाठांतराने शिकविण्याचे हे फळ होय. तो निराळ्या रीतीने शिकविणाऱ्या एका शाळेचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

ती शाळा म्हणजे बंगालमधील शांतिनिकेतन. बोलपूरनजीकची ही जागा देवेंद्रनाथ ठाकूर यांनी १८६३ मध्ये घेतली, आणि १९०१ च्या डिसेंबरात रवींद्रनाथांनी तेथे मूठभर विद्यार्थ्यांनिशी आश्रमशाळा काढली. वर्ग झाडांखाली भरत, हे सर्वश्रुत आहे. परंतु ती सावली आयती मिळालेली नव्हती, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भोवतालचा मुलूख तांबड्या मुरमाड मातीचा. पावसाच्या लोंढ्यांनी तेथे खोल घळी पडलेल्या, ज्यांस तिकडे ‘खोआइ’ म्हणतात. उघडी पडलेली जमीन कशी वाहून जाते, हा धडा मुलांच्या दाराशीच होता.

१९१९ मध्ये तेथे कलाभवन सुरू झाले व पुढे नंदलाल बोस त्याचे प्रमुख झाले. निसर्ग, परंपरा आणि स्वतःची प्रतिभा या तिहींचा मेळ त्यांनी कलेचा पाया मानला. विद्यार्थ्यांना घेऊन ते रानात व खेड्यांत हिंडत. जे दिसेल ते लहान कार्डांवर टिपण्याची त्यांची स्वतःची सवय होती. आमच्या महाराष्ट्रातील विनायक मासोजी हे त्यांच्यापाशी शिकून तेथेच अध्यापक झाले.

या पद्धतीचे मर्म एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण सारेच उच्चारतो. पण ती पाने एका देठावर कशी बसतात, हे किती जणांस सांगता येईल? ज्याने पळसाची डहाळी एकदा समोर ठेवून रेखाटली, तो ते विसरत नाही. शिवाय फुलांच्या वेळी पाने का गळालेली, मधासाठी कोणते पक्षी येतात, असे प्रश्न त्यास आपोआप सुचतात. आकारापासून तो संबंधांपाशी पोहोचतो. जीव व त्यांचा परिसर यांच्या संबंधांच्या शास्त्रास हेकेल या जर्मन पंडिताने १८६६ मध्ये नाव दिले. त्याचे प्रवेशद्वार हेच.

पुढे १९२२ मध्ये जवळच सुरुल येथे ग्रामोद्धाराचे कार्य सुरू झाले, तेच श्रीनिकेतन. त्याची धुरा वाहणाऱ्या लेनर्ड एल्महर्स्ट यांनी त्याच वर्षी जमिनीच्या लुटीवर व्याख्यान दिले. १९२८ च्या जुलैत शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा उत्सव झाला. पंचमहाभूतांच्या वेषात मुले, गीते, आणि सजविलेल्या पालखीतून निघालेले रोपटे! लागलीच श्रीनिकेतनात नांगरणीचा उत्सव झाला, आणि नंदलालांनी तो तेथील भिंतीवर चितारला.

१९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी देशभर वनमहोत्सव सुरू केला, आणि आपल्या शाळांतही पावसाळ्यात रोपे लावण्याचा प्रघात पडला. प्रघात उत्तम, पण पुष्कळदा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात यंदाचे रोप लागते, हे कोण नाकारील? आम्ही मिरवणूक घेतली आणि पाहणे सोडून दिले, असा याचा अर्थ आहे. शांतिनिकेतनात उत्सव मागून आला. त्याआधी सत्तावीस वर्षे मुले झाडांखाली बसत होती.

तेथे मोकळे माळ होते, आमच्या मुलांना चाळीचे अंगण, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. तथापि गल्लीतले एखादे झाड तरी असतेच. दर महिन्यास एकदा, वर्षभर, तेच झाड मुलाने काढावे: पालवी, मोहोर, शेंगा, खोडावरची मुंग्यांची रांग. याला खर्च नाही. हवा आहे तो वडीलधाऱ्यांचा थोडा वेळ. मग कधी त्या झाडावर कुऱ्हाड पडली, तर काय गेले हे सांगणारा निदान एक साक्षीदार त्या गल्लीत असेल.