अमेरिकन मोटारगाड्या, जुन्या (महाराष्ट्र)

मुंबईत जुळणी झालेल्या व कालांतराने संग्राह्य ठरलेल्या अमेरिकन बनावटीच्या मोटारगाड्या. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (पहा) यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ला येथे १९४७ पासून डॉज, प्लिमथ इत्यादी गाड्यांची जुळणी आरंभिली. सहा सिलिंडरांचे, बाजूच्या झडपांचे इंजिन व स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला तीन गतींचा गिअर ही त्यांची लक्षणे होत. पाँटिॲक जीटीओपासून (१९६४) रूढ झालेला आठ सिलिंडरांच्या ‘मसल कार’चा वर्ग मात्र आयातनिर्बंधांमुळे येथे विरळच राहिला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांन्वये (पहा : मोटारवाहन कायदा) पन्नास वर्षांहून जुन्या, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या खाजगी गाडीस दहा वर्षे मुदतीची ‘विंटेज’ नोंदणी मिळते, सबब, पेट्रोलच्या खर्चापायी ज्यांत डिझेल इंजिने बसविली गेली, त्या गाड्यांचा प्रश्न बिकट होतो. पूर्वनोंदणी असल्यास मूळ क्रमांक राखता येतो, आणि, उदाहरणार्थ, १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात (पहा) ‘एमएच २५’ या जिल्ह्याच्या नोंदणीसंकेतापूर्वीचा असा क्रमांक हा गाडीइतकाच जपण्याजोगा दस्तऐवज होय. प्रदर्शन, मेळावा, इंधन व दुरुस्ती यांखेरीज ‘विंटेज’ नोंदणीच्या गाडीच्या नित्य वापरास मनाई आहे.