शिंगाआडची मुळाक्षरे

सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडमधील मुलाचे वाचन सुरू होई ते हॉर्नबुकपासून, म्हणजे मूठ असलेल्या एका लहान लाकडी फळीपासून, जिच्यावर एकच कागद लावून तो मळू नये म्हणून वर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा ठोकलेला असे. कागदावर आधी क्रूस, मग मुळाक्षरे, पुढे 'अ‍ॅब, एब, इब' अशा स्वर-व्यंजनांच्या जोड्या आणि शेवटी ख्रिस्ती प्रार्थना, एवढाच मजकूर. मूल अक्षराचे नाव घोकत असे, ध्वनी नव्हे. त्यामुळे 'सी, ए, टी' मिळून 'कॅट' कसे होते हे कोडे उरेच, आणि बाराखडीवर वाढलेल्या मराठी मुलाला ही अडचण सहसा कळणारही नाही. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने आपल्या १६५८ च्या सचित्र पुस्तकात कावळा, कोकरू यांच्या आवाजांशी अक्षरे जोडून त्यावर बहुधा सर्वांत चतुर तोड काढली. चार्ल्स हूलने लगेच पुढच्या वर्षी त्याचे इंग्रजी रूपांतर केले. तरीही अमेरिकेत नोआ वेब्स्टरचे १७८३ चे स्पेलिंगचे पुस्तक अक्षरे घोकण्यावरच उभे होते. पुढे शिक्षणसुधारक होरेस मानने अक्षरांऐवजी पूर्ण शब्दांपासून आरंभ करण्याचा आग्रह धरला, तेव्हा १८४४ मध्ये बोस्टनच्या शिक्षकांनी त्याला जाहीर विरोध केला.