मुलांचा घटस्फोट आणि आई-वडिलांचं मन

‘डॉक्टर, झोप लागत नाही. बीपीही वाढलंय.’ साठी ओलांडलेले पेशंट असं सांगतात तेव्हा घरची विचारपूस करावी लागते. कधी कधी हळूच उत्तर येतं, ‘मुलीचं मोडलं.’ तुमच्याही घरात असं घडलं असेल, तर थोडा इतिहास वाचा.

रखमाबाईंचं घर

अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नांदायला नकार दिला. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. खटला चालू असतानाच, १८८५ मध्ये, ते वारले. १८८७ मध्ये कोर्टाने बजावलं, नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला शिकून डॉक्टर झाल्या.

कायदा बदलला, मन मागे राहिलं

अनेक जातींत काडीमोड पूर्वीपासून होती, पण सर्व हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आणि देशभर १९५५ मध्ये आला. परस्पर संमतीची सोय १९७६ ची. आपल्या वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांना १८६९ चा कायदा लागू होता. त्यात ही सोय २००१ मध्ये आली. म्हणजे आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांची लग्नं झाली, तेव्हा संमतीने वेगळं होणं कायद्यात नव्हतंच. म्हणून मुलांनी ते केलं की ‘आमचं काय चुकलं?’ असं वाटतं.

हे दुःखच आहे

सून किंवा जावई दुरावतो, नातवंडांची भेट कमी होते. पण भेटायला कुणी येत नाही, सांत्वन होत नाही. समाज मान्य करत नाही अशा दुःखाबद्दल अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये पुस्तक काढलं. असं दुःख मनात दाबलं की झोप, भूक आणि बीपीवर परिणाम होऊ शकतो.

काय कराल?

- जवळच्या एका माणसाशी मोकळेपणाने बोला.
- न्यायनिवाडा करू नका. मुलांना ‘घर तुझंच आहे’ एवढं सांगा.
- नातवंडांसमोर कुणालाही दोष देऊ नका.
- फिरणं आणि चालू गोळ्या बंद करू नका.
- उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटलं तर वाट पाहू नका. टेली-मानस १४४१६ वर फोन करा.

मुलांचं लग्न मोडलं म्हणून तुमचं आई-बाप असणं हरलेलं नाही. उलट, आत्ताच त्यांना तुमची गरज आहे. त्यासाठी आधी स्वतःला सांभाळा.