दोस्ताच्या कुळातली ‘क्योरिंग’

नेदरलँड्समध्ये वैमानिक व्हायला निघालेला पोरगा ज्या तपासणीला जातो, तिला तिथे ‘क्योरिंग’ म्हणतात. आपल्याकडे तीच ‘मेडिकल’. पण डच माणूस हा शब्द तेवढ्यापुरता ठेवत नाही. मोटारीची ठरावीक मुदतीने होणारी सक्तीची तपासणी म्हणजे क्योरिंग. कत्तलखान्यातल्या मांसाची तपासणीही क्योरिंग. चांदीच्या चमच्यावर शुद्धतेचा ठसा असतो, त्यातही ‘क्योर’ आहेच.

ऐकणाऱ्याला पहिल्यांदा वाटते, हा इंग्रजी ‘क्युअर’चा भाऊबंद असणार. डॉक्टरकडे जायचे आहे, म्हणजे बरे करण्याशी काहीतरी नाते असेलच. हा तर्क साफ चुकतो. लॅटिन ‘कुरा’पासून, म्हणजे काळजी-शुश्रूषेपासून, आलेला शब्द डचमध्ये वेगळाच आहे: ‘क्यूर’, म्हणजे उपचारांचा कोर्स. उच्चार इतके जवळ की परक्या कानाला फरक कळू नये, पण घराणी दोन. ‘क्योरिंग’ निघते ‘निवडणे’ या अर्थाच्या ‘कीझेन’ या क्रियापदाच्या कुळातून. त्या कुळात काही रूपांत ‘स’ आहे, काहींत त्याचाच ‘र’ झाला आहे. इंग्रजी ‘चूज’ त्यातलाच.

आणखी मागे गेले की धागा थेट आपल्या अंगणात येतो. या सगळ्यांच्या मुळाशी जो आद्य धातू मानतात, त्याचा अर्थ ‘चाखणे, चाखून पसंत करणे’. लॅटिनमध्ये त्याचाच ‘गुस्तुस’ झाला, म्हणजे चव. संस्कृतात ‘जुष्’ झाला, म्हणजे आवडणे, सेवणे. गीतेतल्या ‘अनार्यजुष्ट’ या शब्दात तो बसला आहे. आणि इराणी शाखेत त्याच धातूपासून आपल्या पसंतीचा माणूस या अर्थाने जो शब्द घडला, तो फारसीतून मराठीत आला: दोस्त! संस्कृतातल्या ‘ज’च्या जागी फारसीत कधीकधी ‘द’ येतो. ‘जाणणे’तला ‘ज’ आणि ‘नादान’मधला ‘द’ शेजारी ठेवले की पटते. ‘जोश’लाही याच कुळात ओढायचा मोह होतो, तो टाळावा. जोश उकळण्यातून आला आहे, आवडण्यातून नव्हे.

तेव्हा क्योरिंगला जाणारा उमेदवार बरा व्हायला जात नाही, निवडला जायला जातो. आणि इथेच खरे नवल आहे. निवड करणाऱ्या या तपासणीतली दोन मोठी हत्यारे, डोळ्यांचा तक्ता आणि ईसीजी, यांचे धागे निवडीच्या कचेरीत किंवा लष्करी छावणीत सापडत नाहीत. ते रुग्णांना बरे करणाऱ्या एकाच डच दवाखान्याशी येऊन मिळतात.

तो उट्रेख्त शहरातला डोळ्यांचा दवाखाना. फ्रान्स डॉन्डर्स यांनी तो १८५८मध्ये उभा केला. त्यांचे सहकारी हर्मन स्नेलेन यांनी १८६२मध्ये तिथे अक्षरांचा तक्ता छापला. तक्ते त्याआधीही होते. जर्मनीत क्यूख्लर नावाच्या डॉक्टरने १८४३मध्ये एक केला होता, तर व्हिएन्नात येगर यांनी १८५४मध्ये छापखान्यातल्या लहानमोठ्या टाइपांतले उतारे वाचायला दिले होते. मग मान स्नेलेनना का? कारण छापखान्याचा टाइप त्यांनी उसना घेतला नाही. अक्षरेच मापून काढली. पाच घरे उंच, पाच घरे रुंद अशी चौकट, आणि अक्षराची प्रत्येक रेघ बरोबर एका घराएवढी जाड. सहा मीटरवरून पाहताना संपूर्ण अक्षराने डोळ्याशी पाच कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करायचा, रेघेने एका कलेचा. हिशेब केला तर ६/६च्या ओळीतले अक्षर येते पावणेनऊ मिलिमीटरचे आणि रेघ पावणेदोन मिलिमीटरची. शेंड्यावरचे, साठ मीटरवरून दिसायला हवे ते अक्षर, ८७ मिलिमीटरचे. आपल्या देवनागरी तक्त्यात शिरोरेषेमुळे आणि काना-मात्रांमुळे ही चौकट पाळणे किती अवघड, हे ‘क्ष’ पाच घरांत बसवून पाहिल्याशिवाय समजत नाही.

हे सारे चष्म्याचा नंबर काढण्यासाठी होते. विमान तेव्हा कुठे होते?

स्नेलेन यांच्या हाताखाली याच दवाखान्यात एक तरुण साहाय्यक होता, विलेम आइंटहोव्हेन. जन्म १८६०, जावा बेटावरच्या समारंगचा. वडील तिथे डॉक्टर होते, ते लवकर गेले आणि आई मुलांना घेऊन उट्रेख्तला आली. विलेमने १८८५मध्ये डॉन्डर्स यांच्याच मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहिला. विषय डोळ्यांचाच: रंगांच्या फरकामुळे वस्तू पुढेमागे का भासतात. पुढच्याच वर्षी पंचविशीत तो लायडनला प्राध्यापक झाला आणि डोळा सोडून हृदयाकडे वळला. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म तंतू प्रचंड विद्युतचुंबकाच्या मधोमध ताणून त्याने हृदयाची वीज टिपली. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसे. रुग्णाने हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे. १९०५मध्ये दीड किलोमीटर तार टाकून इस्पितळातल्या माणसाच्या हृदयाचा आलेख प्रयोगशाळेत उमटवला गेला. नोबेल मिळाले १९२४मध्ये.

आइंटहोव्हेनने नुसती रेघ काढली नाही, तिला चौकट दिली. आडवा एक मिलिमीटर म्हणजे ०.०४ सेकंद, उभा एक मिलिमीटर म्हणजे एक दशांश मिलिव्होल्ट. आजही ईसीजीच्या कागदावर हेच माप चालते, आणि प्रत्येक मोठ्या चौकोनात पाच गुणिले पाच बारीक घरे असतात. स्नेलेनच्या अक्षरासारखीच! ही पाचांची जुळणी योगायोग असेल. पण आधी घरे आखायची आणि मगच माणसाला मापायचे, ही खोड त्याने उट्रेख्तमध्ये उचलली असावी, हा तर्क सोडवत नाही.

उट्रेख्तच्या या मानाला प्रतिस्पर्धी दावा स्वीडनचा आहे. तिथे लागेरलुंडाला १८७५मध्ये दोन आगगाड्या धडकल्या, नऊ माणसे गेली. होल्मग्रेन या शास्त्रज्ञाने रंगांधळेपणाला दोषी धरले आणि रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावून रेल्वे नोकरांची परीक्षा सुरू केली. नोकरीच्या दारातच डोळे तपासायची रीत तिथून पसरली, हे मान्यच करायला हवे. पण त्या अपघातात रंगांधळेपणाचा थेट पुरावा कधीच मिळाला नाही, आणि आजचे अभ्यासक होल्मग्रेनच्या निष्कर्षावर शंका घेतात. शिवाय लोकरीच्या लडी एवढेच सांगतात, हा चालेल किंवा हा नाही. नियमपुस्तकाला आकडा लागतो, दोन शहरांतल्या दोन डॉक्टरांनी सारखाच लिहावा असा. तो उट्रेख्तने दिला.

हवाई वाहतुकीच्या १९१९च्या पॅरिस करारानंतर वैमानिकांची वैद्यकीय तपासणी आंतरराष्ट्रीय झाली. आजच्या युरोपीय नियमांत व्यावसायिक वैमानिकाच्या क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी प्रत्येक डोळ्याला किमान ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ लागते, चष्मा चालतो. म्हणजे एकेका डोळ्याची कसोटी तेरा मिलिमीटरच्या अक्षरावर. ईसीजी पहिल्या तपासणीला, मग तिशीपर्यंत दर पाच वर्षांनी, चाळिशीपर्यंत दर दोन, पन्नाशीपर्यंत दरवर्षी, आणि पुढे प्रत्येक नूतनीकरणाला. आपल्याकडच्या डीजीसीएच्या क्लास वनलाही तक्ता आणि ईसीजी चुकत नाहीत.

डच लष्कराचे विमानदल १ जुलै १९१३ला सूस्टरबर्गला सुरू झाले. तिथला हवाई तळ आता बंद आहे, पण लष्करी वैमानिकांची क्योरिंग अजून त्याच गावात होते. तिथून स्नेलेनचे उट्रेख्त सुमारे पंधरा किलोमीटर, सायकलने तासाभराची वाट. सूस्टरबर्गला उमेदवार एक डोळा झाकून ओळ वाचतो, मग शर्ट काढून आडवा होतो आणि छातीवर इलेक्ट्रोड चिकटवले जातात.